शार्क, परेश आणि माझा डावा कान

५ एप्रिल २०२५, शनिवार
निर्णय झाला. या सीझनला बास्किंग शार्कचा फोटो काढायचाच.

परेश जूनमध्ये आयर्लंड कायमचं सोडून पुण्याला चाललाय. कराडच्या इंजिनिअरिंग कॉलेजपासूनचा मित्र. इथे आलो तेही एकाच विमानाने. आज पोर्टलीशहून मुद्दाम नास गावी आमच्या घरी आला. म्हणाला, "नंद्या, जायच्या आधी तुझ्याबरोबर एकदा शार्क बघायचाय. बाकी या देशाकडून मला काही नको." भावुक माणूस. मी म्हटलं, प्लॅनिंग माझ्यावर सोड. त्याने कपाळावरून हात फिरवला. सुटल्यासारखं वाटलं असणार.

कौमुदीने विचारलं, गेल्या वर्षी डायव्हिंग क्लबबरोबर समुद्रात किती वेळा उतरलास? बायकोचा हा प्रश्न अप्रस्तुत आहे. गेलं वर्ष ट्रेनिंगचं होतं. स्विमिंग पूलमध्ये मी एक नंबर होतो.

शार्कबद्दल वाचलं. बसएवढा असतो, पण चावत नाही. तोंड उघडं टाकून पोहतो आणि प्लँक्टन गाळून खातो. थोडक्यात, शाकाहारी. लेक स्वरांगी म्हणाली, "प्लँक्टनमध्ये अ‍ॅनिमल्स पण असतात" (हे तिने अर्थातच इंग्रजीत आणि आयरिश हेल काढून सांगितलं). नववीतली मुलं फार बोलतात.

१२ एप्रिल
अ‍ॅकिल बेट. पहाटे निघून पोचलो. ऊन, समुद्र शांत, पाणी गोठवणारं. ड्रायसूटच्या आत पाणी शिरत नाही, असं ड्रायसूट विकणाऱ्यांचं म्हणणं.

ऐन वेळी माझ्या सूटच्या मनगटाचं रबर मला संशयास्पद वाटलं. परेशने तपासलं. बोटवाल्या डेक्लननेही तपासलं. म्हणाला, ग्रँड, म्हणजे इथल्या भाषेत ठीकठाक. पण मी व्हॅलिडेशन इंजिनिअर आहे. 'ग्रँड' हा टेस्ट रिझल्ट होऊ शकत नाही. डाइव्ह रद्द.

क्लबचा नियम कडक आहे, जोडीदाराशिवाय कोणी उतरायचं नाही. त्यामुळे परेशही बोटीवरच बसून राहिला. बरंच झालं. हल्ली थकलेला दिसतो.

१३ एप्रिल
संकल्प: उद्यापासून रोज थंड पाण्याने अंघोळ. शरीर तयार हवं.

१५ एप्रिल
सर्दी. पाणी तापवणाऱ्या इमर्शनचं बटण पुन्हा चालू केलं. शरीराची तयारी हळूहळूच करायची असते.

२६ एप्रिल
उतरलो! शिडीच्या शेवटच्या पायरीपर्यंत गेलो. एका हाताने शिडी धरून चेहरा पाण्यात घातला. खाली हिरवं. त्या हिरव्याच्या खाली आणखी हिरवं, आणि त्याच्याही खाली काळं. तेवढ्यात डावा कान भयंकर दुखला. कानाच्या बाबतीत रिस्क घेत नाही मी.

कान तोवर पाण्याच्या वरच होता, असं डेक्लनचं म्हणणं. त्याने बोट सांभाळावी.

परेशने हात देऊन वर घेतलं, टॉवेल दिला, आणि तो स्वतःचाही सूट उतरवायला लागला. त्याने नवा वॉटरप्रूफ कॅमेरा आणला होता. तो पुन्हा पेटीत गेला.

४ मे, बँक हॉलिडे वीकेंड
कानामुळे घरी. परवा डॉक्टरला दाखवला. म्हणाली, कान परफेक्ट आहे. वरवर बघितलं बाईने.

क्लबच्या ग्रुपवर फोटोच फोटो. आज शार्कचे कल्ले, शार्कची शेपूट, शार्कबरोबर क्लबची सेक्रेटरी. चिडचिड झाली. मी नसतानाच कसे येतात?

डेक्लन परेशला म्हणाला होता म्हणे, ये, तुला दुसरा जोडीदार देतो. परेश म्हणाला, नको, मी नंद्यासाठी थांबतो. साहजिक आहे. माझ्यासारखा जबाबदार जोडीदार सहजी मिळत नाही.

१७ मे
अ‍ॅकिलपर्यंत गेलो आणि वारा सुटला. डेक्लनने ट्रिप कॅन्सल केली. सगळ्यांत जास्त मी चिडलो. अंदाज सांगणाऱ्यांना मोठ्याने शिव्या घातल्या. नंतर भूक मात्र छान लागली. फिश अँड चिप्स खाल्ले, परेशचेही संपवले.

परतताना गाडीत परेशने मध्येच विचारलं, "नंद्या, तुला काही सांगायचंय का?" मी त्याला कॅमेऱ्याची सेटिंग्ज सांगितली. हिरव्या पाण्यात शटर स्पीड किती ठेवायचा वगैरे. तो अ‍ॅथलोनपर्यंत खिडकीबाहेर बघत होता. टिपून तरी घ्यायचं.

३० मे
परेशचं सामान जहाजाने रवाना झालं. कॅमेरा आणि सूट तेवढे मागे ठेवलेत. पुढच्या वीकेंडला तो जाणार, म्हणून समुद्रासाठी उद्याचा शेवटचा. मी सूटची बॅग तीनदा उघडून पुन्हा भरली. कौमुदी म्हणाली, नको वाटत असेल तर नको जाऊस, परेश समजून घेईल. काय समजून घेईल? समजण्यासारखं आहेच काय त्यात?

३१ मे, सायंकाळ
सविस्तर लिहितो.

बोट अ‍ॅकिलच्या कीम उपसागरात शिरल्यावर डेक्लनने सांगितलं, शार्कजवळ सिलिंडर नको, बुडबुड्यांनी तो बिथरतो. फक्त स्नॉर्केल लावायचं आणि वरच्या वर तरंगायचं. म्हणजे खोल जायचं नाही. म्हणजे कानाचा प्रश्नच नाही. मनगटाचं रबरही गेल्या आठवड्यात बदललेलं. मी दुसरे मुद्दे आठवत होतो, एवढ्यात डेक्लन ओरडला, "देअर्स युवर मॅन नाऊ!"

समोर पाण्याबाहेर काळा, त्रिकोणी पर. हळूहळू आमच्याकडे येत होता.

परेश कॅमेरा घेऊन काठावर बसला. माझ्याकडे बघितलं. म्हणाला, "नंद्या, तू नाही आलास तरी चालेल. मी सेक्रेटरीबाईंबरोबर जातो. खरंच चालेल."

इतक्या हळू आवाजात म्हणाला की माझं डोकं सटकलं. मी उडी मारली. आधी मी, मग तो.

शार्क पाहिला!!! भव्य! गुहेसारखं तोंड, आत पांढऱ्या कमानी. डोळा बारीक आणि अतिशय शांत. अगदी शेजारून गेला. जन्मात विसरणार नाही.

परेशला मात्र फोटो मिळाला नाही. लाटा होत्या, त्यामुळे मी त्याची दोन्ही मनगटं घट्ट धरून ठेवली होती. सेफ्टी फर्स्ट. कॅमेरा आमच्या दोघांच्या मध्ये अडकला. शार्क गेल्यावरही मी काही वेळ सोडलं नाही. दुसरा येण्याची शक्यता होती. शेवटी डेक्लनने वरून माझी बोटं एकेक करून सोडवली.

बोटीवर सगळे विचारायला लागले, फोटो? परेश म्हणाला, कॅमेऱ्याने दगा दिला. मी त्याला सांगितलं, बॅटरी आधी तपासायची असते. तो हसायला लागला. बराच वेळ हसला. मग टॉवेलने तोंड पुसत पाठ करून बसला. खारं पाणी डोळ्यांत जातंच.

८ जून
सिटीवेस्टला मैत्रीण रोहिणीच्या घरी परेशचा निरोप समारंभ. मी शार्कचं वर्णन केलं, हात पसरून, उभं राहून. लोक जेवायचं विसरले. परेश पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखा ऐकत होता. कुणीतरी त्याला विचारलं, तुला कसा दिसला? तो म्हणाला, "नंद्याने सांगितलं तसाच."

संध्याकाळी त्याला एअरपोर्टला सोडलं. आत जाताना त्याने मिठी मारली. मी म्हटलं, पुढच्या सीझनला ये, फोटो काढू. तो म्हणाला, बघू.

१४ जून, शनिवार
परेशचा मेसेज आला. कॅमेऱ्याच्या कार्डवर एक फोटो निघालाय म्हणे. माझ्या पकडीत त्याचं बोट बटणावर दाबलं गेलं असावं.

फोटोत मागे धूसर, भलंमोठं, उघडं तोंड आहे. हा शार्क. पुढे अगदी स्पष्ट मी. मास्कच्या काचेआड दोन्ही डोळे गच्च मिटलेले, साबण गेलेल्या पोरासारखे.

खाली परेशने लिहिलंय, "इथे हॉलमध्ये लावलाय. सगळ्यांना सांगतो, हा माझा मित्र, माझ्यासाठी समुद्रात उडी मारली."

स्वरांगीने फोटो मोठा करून बघितला. म्हणाली, "युवर आइज आर शट, डॅड." मी म्हटलं, पापणी लवली असेल. तिने फोटो आणखी मोठा केला. कौमुदीने फोन तिच्या हातातून घेतला आणि माझ्यापुढे चहा ठेवला.

शार्कचा डोळा बारीक आणि शांत होता, असं मी सगळ्या सिटीवेस्टला सांगून बसलोय. खरंच कसा होता, ते आता परेशलाच विचारायला हवं.