कोफीला म्हटलं होतं, मंडई करून येतो

५ ऑक्टोबर, आमगाव
रविवार, मिल बंद. दुपारभर मोबाईलवर आफ्रिका. मालीची एक बाई सापडली, काय आवाज! चहा हातातच गार झाला. पण कोफीचं गाणं नाहीच. घानात चार वर्षं राईस मिल चालवली. माझा हेल्पर कोफी, मशीनजवळ छोटा स्पीकर लावायचा. तेच गाणं रोज. नाव एकदाही विचारलं नाही. गाढव मी.
कांता म्हणते, "काऊन जी, घरी येऊन तीन वर्षं झाले, मन अजून तिकडंच राहून राहिलं?" बायको खोटं बोलत नाही.

८ ऑक्टो.
युक्ती कळली. गायकामागे धावू नये, कंपनीमागे जावं. छोट्या रेकॉर्ड कंपन्या असतात, जुन्या कॅसेटी धुंडाळून पुन्हा काढतात. मालक कानाचा पक्का असला की त्याचा सगळाच माल ऐकण्यासारखा. मूठभर तांदूळ पाहून मिलवाला कळतो, तसंच.
कंपन्यांची नावं वाचता येत नाहीत, म्हणून त्यांच्या चित्रांवरून ठेवली. केटली: इथियोपिया, सॅक्सोफोन, जीव कासावीस. ताडाचं झाड: सेनेगल, एकवीस तारांचं वाद्य, कोरा. लाल कोंबडा: घाना, गोड गिटार. कोंबडा सगळ्यांत वर. कोफीचं गाणं असलं तर इथेच.

११ ऑक्टो.
कोफीनं निघताना मेमरी कार्ड दिलं होतं, गाणीच गाणी. इथं आल्यावर मोबाईलच्या दुकानात मीच म्हटलं, सब निकालो, दंडार डालो. दिवाळीनंतर गावात मंडईची जत्रा भरते, तिच्यातल्या दंडारीत, नाचगाण्याच्या खेळात, ढोलकी माझी; तेव्हा तेच डोक्यात. त्याचा नंबर जुन्या फोनात होता. तो फोन वाघ नदीत.
सुटीवर येताना कोफीला म्हटलं होतं, मंडई करून येतो. बाबा गेले, मग जाणं झालंच नाही. कळवलंही नाही. माझी बॅग घ्यायला तो गेटवर येऊन उभा राहिला असेल, आणि

१४ ऑक्टो.
गोंदियाला उस्तादांकडे. यांच्याच हाताखाली मिल शिकलो. घानात मशीन बिघडली की तिचा आवाज फोनवर पकडून यांना पाठवायचो, हे ऐकून रोग सांगायचे. आम्हा मिलवाल्यांची डॉक्टरकी अशीच. उस्ताद फोनमधलं काहीच मिटवत नाहीत. मागे मागे जात एक क्लिप सापडली, बावीस सेकंद. बेरिंगची करकर, आणि करकरीच्या मागे गाणं. तेच.
डोळ्यांत पाणीच आलं. उस्ताद म्हणाले, "बेरिंग तो कब का ठीक हो गया बे, अब काय को रोता?"

१५ ऑक्टो.
पिंकी कॉलेजातून आल्यावर तिच्याकडून लाल कोंबड्याला इंग्रजीत पत्र लिहवलं. क्लिप जोडली. बाप येडा झाला म्हणते पोरगी.

१९ ऑक्टो.
उत्तर आलं! पिंकीनं वाचून दाखवलं. गिटार त्यांच्याच कॅसेटचं, गाण्याचं नाव दिलं, बँडचंही. पुढे मालक लिहितो, "पण गाणारा आवाज कॅसेटवरचा नाही. तुमच्या मशीनजवळ कोणीतरी सोबत गातो आहे, मूळ गायक त्याखाली दबून गेला आहे. कोण आहे तो?"
कॅसेट ऐकली. तिथला गायक म्हातारा, जाड गळ्याचा. पुन्हा क्लिप. पुन्हा कॅसेट. खरंच की.
चार वर्षं ज्याला स्पीकर समजलो, तो कोफी. कोंड्याच्या धुळीत दोघांच्या तोंडाला फडकी, ओठ कधी दिसलेच नाहीत. बेरिंगची एक करकर ओळखणारा माझा कान, आणि दोन हातांवरचा माणूस ओळखू नये? लाज वाटली. जेवलो नाही.

२२ ऑक्टो.
मालकाला सगळं कळवलं होतं. तो म्हणतो, आमच्या मिलजवळच्या कुमासी शहरात त्याचा दोस्त रेडिओवर असतो. रविवारी बाराला क्लिप लावू, निरोप आणि तुमचा नंबर सांगू. निरोप द्या.
पानभर लिहिलं, खोडलं. शेवटी एवढंच दिलं: "कोफी, मी सांगून आलो आणि परतलो नाही. माफ कर. तू गातोस हे मला आत्ता कळलं."
तो ऐकेल कशावरून? कुमासीत आहे तरी का?

२६ ऑक्टो., मंडई
तिकडचे बारा म्हणजे आपले साडेपाच. नेमकी दंडार उभी राहायची वेळ. फोन कांताकडे दिला. म्हणाली, "तुमी वाजवा, मी धरून राहतो. पण इंग्रजीत बोलला तं?"
"फक्त नाव ऐक. कोफी म्हणाला की मले हाक मार."
वाजवताना निम्मं लक्ष तिच्याकडे. दोन्ही हातांत फोन धरून बसली होती, जिलेबीसुद्धा खाल्ली नाही बिचारीनं.
सहा. सव्वासहा. काही नाही.
मधे थांबलो तेव्हा म्हणाली, "कसा गाते तो? ऐकवा बरं." तिच्या कानाला लावलं. बावीस सेकंद ती हललीच नाही.
"गोड गाते जी," म्हणाली. "याले मंडईले बोलवाचं होतं ना तवाच."
फोन तिच्याकडेच ठेवला न् ढोलकी उचलली.