वळणापुढची तार

तात्या, गेल्या आठवड्यात तुमच्या पाईपवरनं तार हुडकायची मशीन फिरवली. रस्त्याच्या कडेनं जमिनीखालून इंटरनेटची केबल ओढायचं काम लासुर्ण्याकडनं आपल्या बांधापर्यंत आलंय. खोदायच्या आधी कुणाचा पाईप कुठून गेलाय ते त्या लोकांनी विचारलं, तर हे मोठ्या उमेदीनं पुढं झाले. "आमच्या वडलांनी पाईपाबरोबर तार पुरलीय. तुमच्या मशीनला बरोब्बर घावंल," म्हणाले. मी चहाची किटली घेऊन तिथंच उभी होते.

तुम्ही इंदापूरला पाणीपुरवठ्यात फिटर. एक प्लास्टिकचा पाईप शोधायला अख्खा रस्ता उकरलेला तुम्ही बघितलेला. म्हणून वीसेक वर्षांमागं विहिरीपासून डाळिंबाच्या बागेपर्यंत चर काढला, तेव्हा तुम्ही बारामतीहून तांब्याच्या तारेचं भेंडोळं आणलंत. शेजारच्या बांधावरचे भाऊजी जाता जाता हसले, "तात्या, पाण्याला करंट देताय व्हय?" तुम्ही म्हणालात, "आरं, प्लास्टिक मशीनला दिसत न्हाय, तार दिसती. मी आसंन नसंन, पाईप सापडाय पायजे." तुमचे गुडघे तेव्हा पार गेलेले. विहिरीपाशी बाज टाकून बसलात आणि भेंडोळं माझ्या हातात दिलंत. हे त्या वेळी सोमेश्वरनगरला कामाला, आठवड्यानं घरी यायचे. तुम्ही म्हणालात, "तू मॅट्रिक हायस, तुला समजतं. पाईपाच्या अंगानं टाकीत जा. मधी तोडू नगं."

मी टाकत गेले. चर बाभळीपाशी वळतो आणि तिथून पुढचं बाजेवरनं दिसत नाही. वळण आलं आणि मनात आलं, एवढी नवीकोरी, वरनं हिरवं वेष्टन असलेली तार मातीत घालायची? माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक. दुधाच्या पिशव्यासुद्धा धुऊन, वाळवून ठेवते मी. विळ्याच्या पात्यावर धरून तार तोडली, उरलेलं भेंडोळं पदराखाली घेतलं आणि माझ्याच हातानं चरात माती लोटली. दिवेलागणीला तुळशीपुढं दिवा-उदबत्ती लावून वळले तर तुम्ही ओट्यावर. "तार शेवटपतुर गेली का गं?" मी म्हणाले, "व्हय, तात्या." बोटांना अजून उदबत्तीचा वास होता.

महिन्याभरानं ती तार मागच्या अंगणात धुणं वाळत घालायला बांधली. माहेरनं आणली म्हणून सांगितलं. तुम्ही ती दोनदा ओढून बघितलीत आणि म्हणालात, "चांगली हाय." पुढच्याच वर्षी तुम्ही गेलात. तुम्ही ती तार ओळखली होतीत का, हे मी आजवर स्वतःला विचारू दिलेलं नाही.

त्या दिवशी मशीनवाल्यानं विहिरीपाशी वर काढून ठेवलेल्या तारेच्या टोकाला एक चिमटा लावला, दुसरा जमिनीत ठोकलेल्या सळईला, आणि काठीसारखी मशीन हातात धरून चालायला लागला. मशीन ओरडत होती आणि हे मागनं लहान पोरासारखे चाललेले. "बगा, एका रेषंत हाय का न्हाय!" बाभळीपाशी आवाज बंद. तो चार पावलं मागं आला, आवाज आला. पुढं गेला, बंद. "दादा, हितं संपली तार." भाऊजींना तेवढंच पाहिजे होतं. "म्हंजी तात्यांनी निम्म्यातच उरकलं म्हणा! आन आमाला गावभर शिकवत हुते." यांचं तोंड उतरलं. माझ्याकडं वळून म्हणाले, "तू दाण्यादाण्याचं लिहून ठिवतीस. तवा तू हुतीस ना हितं?" वीस पावलांवर, त्याच तारेवर, यांचा सदरा वाळत होता. मी म्हणाले, "तात्यांनीच टाकली. मी भाकरी घेऊन आले तवर चर बुजला हुता."

गुडघ्यांमुळं तुम्हाला चरात उतरताच आलं नसतं, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. मला आलं.

मग अंदाजानं चुन्याची फक्की टाकून खुणा केल्या आणि व्हायचं तेच झालं, खोदताना पाईप फुटला. तात्पुरता जोड मारेपर्यंत फळं धरलेली बाग चार दिवस कोरडी राहिली. ते सावरेल. पण हे रोज घरातनं निघताना तुमच्या फोटोला हात जोडायचे, पाऊस असो, घाई असो. त्या दिवसापासून नुसते पुढून निघून जातात. एकदा थांबले, फोटोकडं बघितलं आणि चप्पल घातली. तुमच्या फोटोला फूल मी वाहते, तात्या, आणि वाहताना खालच्या फरशीकडं बघते.

हे कागद यांच्या हातात द्यायचे, तोंडानं जमत नाही तर लिहून तरी सांगायचं, म्हणून बसले होते. देणार नाही हे दुसऱ्या पानावरच कळलं. तरी लिहीत राहिले. तुम्हाला तरी खरं कळावं. तुम्ही कुठं कुणाला सांगणार आहात?

फुटलेला पाईप काढून सबंध नवा टाकायचा ठरलाय. हे आज सकाळी तार आणायला बारामतीला गेले. गाडीला किक मारता मारता म्हणाले, "ह्या टायमाला मी सोता शेवटपतुर हुबा ऱ्हानार. तात्यांसारखं नगं व्हायला." मी तोंड उघडलं होतं. देवाशप्पथ उघडलं होतं. आणि म्हणाले, "स्वस्तातली बघा."