पाठीवरची लढत

।। श्री ।।
रिहे, ता. मुळशी
१६ जानेवारी २०२५

चि. सायलीस,
वाल्मीकमामाचे अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

शनिवारपासून तुझे नऊ फोन आले. मी एकही घेतला नाही. फोनवर माझा आवाज चढतो आणि मुद्दा बाजूला राहतो. म्हणून कागद.

तुझी ती पिंजऱ्यातली लढत, एमएमए का काय म्हणता ती, आमच्या इंद्रजितच्या मोबाइलवर अकरा वेळा पाहिली. दुसरी फेरी, तीन मिनिटे चौदा सेकंद. त्या पोरीने मागून गळ्याला हाताचा विळखा घातला आणि तू तिच्या दंडावर तीनदा थोपटून हार मानलीस. हरण्याचे मला काही नाही, थोपटण्याचे आहे. आपल्या मातीत पाठ लागली तरच माणूस हरतो, आणि बारा वर्षांत, एक्केचाळीस कुस्त्यांत, तुझी पाठ एकदाही लागलेली नाही. हवे तर तारखा सांगतो.

त्यात तुझ्या आईकडून कळले की तुझे ते मनीष सर आता तुला उताणे पडून लढायला शिकवतात. सर कुठे शिकले मला ठाऊक नाही. मी पौडच्या तालमीच्या पत्र्याला भोक होते तिथून बघून शिकलो. दुकानात जळक्या मोटरी बांधायला, म्हणजे त्यांची तार नव्याने गुंडाळायलाही, असाच शिकलो, आणि माझ्या हातची मोटर वर्षाच्या आत कधी परत आलेली नाही.

पुढची लढत पाठ न टेकता लढेन, एवढे लिहून पाठव. त्या दिवशी फोन घेईन. तुझी मामी तुळजाबाई म्हणते की हा माणूस नाही, खुंटा आहे. असू दे.

आशीर्वाद आहेतच, रागामुळे त्यांत घट समजू नये.
तुझा मामा

महाळुंगे
२५ जानेवारी २०२५

ती. मामांस,
सायलीचा सा. न. वि. वि.

तसे मी लिहून देणार नाही. आधीच सांगते, म्हणजे पुढचे शांतपणे वाचाल.

तुम्ही मला काय शिकवलेत ते आठवा. खाली आलीस की पालथी हो, छाती मातीला, कोपरे आत. मी तशी पडले की तुम्ही माझ्या पाठीवर उभे राहायचात आणि मामी ओरडायची की पोरीचं धिरडं होईल. मामा, मी पिंजऱ्यात तेच केले. पण तिथे मला उलटवायची कुणाला गरजच नाही. समोरचीला माझी पाठच हवी असते. मी पालथी होते, ती वर चढते, गळा आयता मिळतो. माझ्या दोन्ही हारी अशाच झाल्या. इथे गावाकडून आलेले चार पैलवान आहेत, चौघेही असेच हरले. सर म्हणतात की मातीतला माणूस पाठ वाचवायला जातो आणि गळा देऊन बसतो.

थोपटण्याचे म्हणाल, तर तुम्ही मोटरीला रिले कशाला बसवता? लोड वाढला की बंद पडावी, जळू नये म्हणूनच ना? मी बंद पडले, जळले नाही.

पंधरा मार्चला हैदराबादला लढत आहे, हरियाणाच्या मुलीशी. तिसऱ्यांदा हरले तर लढती भरवणारी कंपनी माझे नाव काढणार, तसे करारातच आहे. मग मला कुणी पिंजऱ्यात घेणार नाही. ती मला खाली पाडणार हे नक्की. मी पाठीवर पडणार आणि तिथूनच लढणार. हे विचारत नाही, कळवते आहे.

तिळगूळ पाठवला नाहीत. राग तेवढा होता, हे समजले.
माया असेल तेवढी ठेवा, फोन घ्यायचा की नाही ते तुम्ही बघा.
तुमची सायली

रिहे
६ फेब्रुवारी २०२५

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझे पत्र चार दिवस खिशात ठेवले. रविवारी दुकानाचे शटर अर्धे ओढले आणि टँकरवाल्या कैलासला बोलावले. वजन चौऱ्याऐंशी किलो, वाण्याच्या वजनकाट्यावर केलेले. त्याला म्हणालो की माझ्या पाठीवर चढ आणि गळ्याला विळखा घाल. मी पालथा झालो, अगदी तुला शिकवले तसा. नवव्या सेकंदाला डोळ्यांपुढे काजवे. दुसऱ्यांदा अकरा सेकंद, तिसऱ्यांदा सात. तिन्ही वेळा मी थोपटले. कैलासला समजले नाही, म्हणून तिसऱ्यांदा जरा जोरात थोपटावे लागले.

मग बावन्नाव्या वर्षी मी जन्मात पहिल्यांदा आपणहून उताणा पडलो. गुडघे छातीशी, पाय त्याच्या कमरेला. तो वरून चाळीस सेकंद धडपडला, गळ्यापर्यंत पोचला नाही. तेवढ्यात तुझी मामी चहा घेऊन आली. तिने कैलासला विचारले की गिऱ्हाईक न्हाई म्हणून आता ह्येच धंदं चालू केलं का.

मी चुकीचे शिकवले. हे एकदाच लिहितो, पुन्हा लिहिणार नाही आणि कुणाला दाखवू नकोस.

आता ऐक. बाराव्यांदा ती चित्रफीत पाहिली. खाली असताना तुझा डावा गुडघा चार बोटे बाहेर पडतो. हरियाणाची पोरगी तिथूनच आत शिरेल. गुडघा बंद ठेव. सरांना विचार, त्यांच्या हे लक्षात आले होते का.

फोन घेतो. पण लढतीच्या आठवड्यात करू नकोस.
आशीर्वाद पूर्ववत, किंचित वाढवून.
तुझा मामा

रिहे
२० मार्च २०२५

चि. सायलीस,
अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

फोनवर तू हसत होतीस, मला काही सांगता आले नाही. इथे काय झाले ते आता सविस्तर लिहितो.

तुझी लढत बघायला दुकानात तेवीस माणसे होती. पहिल्या फेरीत, एक मिनिट पाच सेकंदांना तू पाठीवर गेलीस, तेव्हा बंडोपंत उठलेच. वीस वर्षे यात्रेतल्या कुस्त्या पुकारणारा माणूस. म्हणाले की झाली चीत, चला आता घरी. मी दारात आडवा उभा राहिलो. म्हटले, बसा, अजून कळायचं हाय तुमास्नी. गुडघा बंद होता, मी बघितला. मग तिचा हात तुझ्या मांड्यांत अडकला, तू कंबर उचलून तिचा कोपर उलटा ताणलास आणि ती थोपटायला लागली. कंपनीत नाव राहिले. बंडोपंतांनी जाहीर केले की आपल्या गावच्या हिशोबाने ही हारच. मी म्हणालो, मग असल्या हारी आमी लई आणू.

सोमवारपासून आपल्या तालमीतल्या सात पोरींना उताणे पडून लढायला शिकवतो आहे. पहिल्याच दिवशी जयाची आई, साळूबाई, येऊन सगळ्यांसमोर बोलली की पोरीच्या जातीनं चारचौघांत उताणं पडायचं, ह्ये कुटलं शिक्षण? जयाला दंडाला धरून घेऊन गेली. मागून मी एवढेच म्हणालो की जिला उताणं पडून लढता येतं, तिला खाली पाडून कुणाला काही करता येत न्हाई. ती थांबली, पण वळली नाही.

मंगळवारी पहाटे जया आली. मागून साळूबाई. कडेला बसेल म्हणून मी पोते टाकले. तिने पदर कमरेला खोचला, चपला काढल्या आणि मला म्हणाली की आदी मला दावा.

मला बायामाणसांना धरून शिकवता येणार नाही. पुढल्या रविवारी सकाळी सहाला ये. साळूबाईंनी आणखी दोघींना सांगितले आहे, आणि बंडोपंत बघायला येणार आहेत म्हणे. येऊ देत.

आता लोभाचे बोलणे पुरे, वेळेवर ये.
तुझा मामा
वाल्मीक