बुधवारच्या प्रार्थनेत न मागितलेलं

आत्याबाई, तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं होत आली आणि तुमची सून आज तुम्हाला लिहायला बसली आहे. माझ्या छातीत गाठ आहे. पुण्याच्या डॉक्टरांनी येत्या सोमवारी काढायची म्हणून सांगितलंय. मुलाला, सुनेला ठाऊक आहे. आपल्या बुधवारच्या प्रार्थनेतल्या बायकांना मात्र मी सांगितलेलं नाही. मागच्या बुधवारी त्या माझ्याच स्वयंपाकघरात गोल बसल्या होत्या. कुणाची सून बाळंत व्हायची, कुणाचा नातू घरी बसलाय, सगळ्यांसाठी मागून झालं. "आजी, तुमचं काय?" असं विचारल्यावर मी "देवाची दया आहे" म्हणून मोकळी झाले. आज पुन्हा बुधवार. दुपारी त्या येतील. सकाळपासून तुम्ही माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

मी भोरला आले ती मार्गासनीहून. गावात आमचं एकच घर ख्रिस्ती. शेजारी सगळे भले, अडीअडचणीला धावणारे, पण प्रार्थना आमची आम्हीच करायचो. वडील पवित्र शास्त्र वाचायचे आणि आम्ही खाली मान घालून ऐकायचो. बायकांनी चटईवर बसून, एकीचं आमेन झालं की शेजारणीनं सुरू करायचं, अशी साखळी मी तुमच्याच घरी पहिल्यांदा पाहिली. तुम्ही दवाखान्यातलं आयाचं काम उरकून यायचा, पाय धुवायचा आणि बसायचा. मी दुसरीपर्यंतच शिकलेली. चारचौघींत तोंड उघडायची लाज वाटायची. मग पाळकसाहेबांची रविवारची प्रार्थना ऐकून ऐकून मी पाठच केली. भांडी घासताना घोकायचे: हे दयाळू स्वर्गीय पित्या, राज्यकर्त्यांना सुबुद्धी दे, मामलेदारांना न्यायाने वागण्यास साहाय्य कर. दर बुधवारी तीच म्हणायचे, एक अक्षर चुकत नसे. शेजारच्या टेलरकाकू हसायच्या, "सूनबाईची प्रार्थना म्हंजी इस्त्री केल्यावानी. कुठं चुणी न्हाई." मला ते कौतुकच वाटायचं.

मग ते दुष्काळाचं, रेशनवरच्या परदेशी लाल मिलो ज्वारीच्या भाकरीचं वर्ष आलं. हे वेल्ह्याकडं शाळेच्या बांधकामावर मिस्त्री होते, परांचीवरून खाली पडले. कंबरेखाली हालचाल नाही. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं, धाकटे भावोजी त्यांच्यापाशी राहिले आणि आपण दोघी घरी. तीन दिवस चूल नावालाच पेटली. तुम्ही कामावर जात होता, येत होता, एक शब्द बोलत नव्हता. मला वाटायचं, ह्या बाईचं काळीज दगडाचं आहे.

चौथ्या दिवशी बुधवार. चटई पडली. माझ्यापर्यंत साखळी आली, मी डोळे मिटले आणि तोंडातून तीच प्रार्थना सुरू झाली. राज्यकर्ते झाले, मामलेदार झाले, आमेन. शेजारीण पुढं सुरू करीना. मी डोळे उघडते तर तुम्ही माझ्याकडं बघताय.

"मामलेदाराला काय झालंय गं?"

"काय न्हाई," मी म्हणते.

"न्हाई, त्याच्यासाठी मागितलंस म्हणून इचारते. तिकडं माझा ल्योक हातरुणाला खिळलाय. त्याच्यासाठी मागायला तुझी जीभ का अडली?"

माझा तोल गेला. "तुमीच मागा की मग. तुमचाच हाय ना त्यो."

आपल्या घरात सासूला असं कुणी बोललं नव्हतं. तुम्ही डोळे मिटले. "बापा," म्हणालात. थोड्या वेळानं पुन्हा, "बापा." पुढं काही येईना. दवाखान्यात अडलेल्या बाईच्या उशाशी उभं राहून सहज मागणाऱ्या तुम्ही! तुम्ही पदर तोंडाला लावलात आणि टेलरकाकूंना म्हणालात, "माझ्यानं व्हईना. तुमी घ्या."

काकूंनी आपल्या दोघींचे हात धरले. त्या मशीनवर बसून बोलायच्या तशाच बोलल्या. "बापा, ह्या दोघी गप बसल्यात. त्यांच्या पोटातलं तुला कळलंच असंल. आमचा मिस्त्री माझ्या दारची पायरी अर्धी टाकून गेलाय. त्याला उठीव. आन त्यो उठंस्तवर ह्या दोघींना तर उठीव." कुणीतरी मागून माझ्या पाठीवर हात ठेवला. मी त्या दिवशी पहिल्यांदा मोकळी रडले.

पुण्याहून काही निरोप आला नव्हता, बरा ना वाईट. तरी संध्याकाळी तुम्ही पीठ मळलंत, मी भाकऱ्या भाजल्या आणि आपण दोघींनी एका ताटात खाल्लं. हे पुढं काठी टेकत घरी आले. परांचीवर पुन्हा चढले नाहीत, पण चालले. लोक म्हणतात, प्रार्थनेला फळ आलं. आलंच. पण मला बळ मिळालं ते त्या बुधवारीच, कुणीतरी माझं ओझं आपल्या तोंडानं देवापुढं ठेवलं तेव्हा.

आता मी तुमच्यापेक्षा म्हातारी झाले. पोरीसोरी म्हणतात, "आजी, तुमी मागा, तुमचं देव ऐकतो." त्याचीच सवय झाली बघा. मी डगमगले तर ह्या कुणाकडं बघतील, असं मनात येतं. तुम्हालाही ते तीन दिवस असंच वाटत होतं का? मी कधी विचारलं नाही. उलटून बोलले त्याची माफीही मागितली नाही.

बाहेर चपला वाजतायत. हा कागद शास्त्राच्या पुस्तकात ठेवते. पाठवायला जागा नाही. आत्याबाई, एक कबूल करते. हे पत्र तुम्हाला लिहायचं म्हणून मी बसले नव्हते. बायका यायच्या आत "मला भीती वाटते" एवढं एकदा लिहून पाहायचं होतं, म्हणजे तोंडातून निघेल. लिहिलंय. आता दार उघडते.