अण्णाजींचा हसरा ठसा

॥ श्री ॥
गिरड, ८ जानेवारी १९७९

चि. सौ. गोपिकास भाऊ मनोहररावाचे अनेक आशीर्वाद.

येथील सर्व खुशाल. पुढच्या महिन्यात अण्णाजींचं वर्षश्राद्ध. गावजेवण घालतो आहे. यंदा सरपंचकीलाही उभा राहतो आहे, म्हणून प्रत्येक पाहुण्याला वडिलांच्या चित्राचं कार्ड द्यावं म्हणतो. त्यांचा फोटो एकच, तोही डोळे वटारलेला. त्यावरून छपाईचा ब्लॉक केला तर तसाच उठेल. तू मात्र लाकडात कोरतेस, तेव्हा चेहरा जरा सुधारून घे. मंद हसू, गळ्यात तुळशीची माळ. शंकरपटाच्या शर्यतीच्या पत्रकावरचे तुझे बैल फार गोड आले होते. जावईबापू चंद्रभानजींच्या छापखान्याला बरकत असो. भावावर माया असू दे.

तुझा भाऊ

॥ श्री ॥
कारंजा (घाडगे), २० जानेवारी

ती. भाऊंना गोपिकाचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

पत्र वाचून आम्ही नवरा-बायको पोट धरून हसलो. बैलांना कोणी हसायला सांगितलं नव्हतं, म्हणून ते बरे आले. तरी सागवानाचा तुकडा घेऊन बसले. ओठाच्या कोपऱ्याशी रेघ वर नेली, तर अण्णाजी दाढ दुखल्यासारखे दिसायला लागले. कापलेलं लाकूड परत चिकटत नाही. दुसरा ठसा कोरायला घेतला, तेव्हा हात आपोआप कपाळावरच्या आठ्यांकडे गेला. ह्यांनी तो शिशाच्या अक्षरखिळ्यांच्या उंचीला आणून ट्रेडल यंत्रावर चढवला. पहिला कागद निघाला अन् माझी पाठच ताठ झाली. सोबत पाठवते. ज्यांनी तुमच्या पाठीवर बैल हाकायची पराणी मोडली, ते अण्णाजी मला कोरता येतात. तुमचे संत मी पाहिलेले नाहीत. आईला व कोकिळावहिनींना नमस्कार. रागावलात तरी विसरू नका.

गोपिका

॥ श्री ॥
गिरड, २७ जानेवारी

चि. सौ. गोपिकास आशीर्वाद. एकच, कारण रागात आहे.

तुझा कागद पाहून कोकिळा स्वयंपाकघरात जाऊन हसली, ते मला ऐकू आलं. गेलेल्या बापाचा राग कोणी छापतं काय? तो ठसा जाळून टाक. नागपूरहून हसऱ्या चेहऱ्याची कार्डं करून घेतो आहे. तुझा कागद आईनं लपवला आहे, मागितला तरी देत नाही. अशी बहीण श्राद्धाला न आली तरी चालेल. लोभ ठेवायचा की नाही, तूच ठरव.

मनोहर

॥ श्री ॥
गिरड, १८ फेब्रुवारी

गोपिकाले माय मनकर्णाबाईचा आशीर्वाद.

हे पत्र कोकिळा लिहून देऊन राह्यली. मनोहरले सांगतलं नाई. तू श्राद्धाले आली नाई, त मले जेवण गेलं नाई. पाहुण्याईनं कार्ड पाह्यलं अन् इचारलं, हे कोण होय? मले बी वळखू आला नाई. अशा हासऱ्या मानसासंग त मी सुखानं नांदली असती!

मंग मी तुहा कागद काढला अन् पाटावर ठेवला. आपला जुना गडी रूपराव बिडी ओढत आला, कागद पाह्यला अन् बिडी इझवली. मनोहर मताचं बोलत बोलत आत आला. पाटाकडे पाह्यलं त थ्यानं सदऱ्याच्या गुंड्या लावल्या अन् कोपऱ्यात जाऊन बसला. मंग डोये पुसत होता. म्हने, गोपिकाले बोलावून घे. पन तू येऊ नोको, मीच येतो बुधवारच्या यस्टीनं.

मले समोर बसवून माहं चित्र कोरजो, हायो तवरच. तुह्या बापावर चिडल्यावानी कोर. जितेपनी मले चिडाले भेटलं नाई.

तुही माय