चेन्नईतला एकमेव कडा

८ डिसेंबर, रविवार
वादळ गेलं. सकाळच्या गाडीने एन्नोरला जाऊन आले. मच्छीमार वस्तीच्या अलीकडे लाटांनी किनारा उभा कापला आहे. वाळूची सरळ भिंत, थर स्पष्ट, उंची एक मीटर दहा सेंटीमीटर. व्याख्येप्रमाणे हा कडा आहे. चेन्नईत कडे नाहीत असं म्हणणारे लोक नीट बघत नाहीत, एवढंच.

घरी आले तर अद्वयचा मेसेज. अद्वय माझ्या बॅचचा. कॉलेजात माझी फील्डबुक समोर ठेवून स्वतःचे नकाशे पुरे करायचा. आता रत्नागिरीकडे लोकांना समुद्रकड्यांवरून फिरवतो, भूगर्भशास्त्र आणि इतिहास सांगतो. त्यावर त्याचं चांगलं चाललं आहे. त्याला चेन्नईत असंच फिरवायला पूर्णवेळ माणूस हवं आहे. लिहितो, पण तुमच्याकडे कडे कुठे गं?

उत्तर लिहिलं: आहे एक. उंची लिहिली नाही. त्याने विचारली नव्हती.

१० डिसेंबर, मंगळवार
नोकरीबद्दल एकदाच लिहून ठेवते. लोकांच्या प्लॉटमधली माती नळ्यांत भरून लॅबमध्ये आणायची, दाबायची, भिजवायची, मोजायची. रिपोर्ट माझा, सही नारायणस्वामी सरांची. बिल्डर फक्त शेवटचं पान वाचतो. अद्वयचं काम मिळालं की हे बंद.

तो फेब्रुवारीत बघायला येणार. तोपर्यंत रविवारी ट्रायल. बोलण्याचा प्रश्न येणार नाही. मला बोलायला येत नाही असं नाही, अनावश्यक बोलायला येत नाही.

१५ डिसेंबर, रविवार
पहिली ट्रायल. श्रोता एक: ऊर्मी, माझी फ्लॅटमेट. आयटीत आहे. पेरांबूरच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये वाढली, त्यामुळे हसते तमिळमध्ये आणि भांडते मराठीत. मांबलम स्टेशनपर्यंत अर्धवट झोपेत आली.

कड्यापाशी पोचल्यावर इकडेतिकडे बघून विचारलं, कुठाय? मी म्हटलं, तू त्याच्यावरच उभी आहेस. ती म्हणाली, अय्यो, ह्याच्यावरनं तर आमचं मांजर पण उडी मारेल.

मी थर समजावले. काळी रेघ म्हणजे जड खनिजं. लाट हलकी वाळू ओढून नेते, ही मागे राहतात. ऊर्मी मध्येच जाळं दुरुस्त करणाऱ्या एका बाईशी गप्पा मारायला गेली. बाईच्या मुलीचं लग्न ठरलंय ही माहिती घेऊन परत आली. म्हणाली, स्वरदा, तू बोलतेस ना, तेव्हा व्हायवा चालू आहे असं वाटतं. आणि मी नापास होणार असं पण.

प्रतिसाद ग्राह्य धरत नाही. नमुना एकच आहे.

२२ डिसेंबर, रविवार
मराठी मंडळाची मोठी तुकडी. संयोजक उमाकांत काका, बँकेतून निवृत्त. मी सूचनेत ‘समुद्रकडा आणि इतिहास’ असं लिहिलं होतं. शब्द अचूक होते. पण मराठी माणसाला कडा म्हटलं की वर किल्ला लागतो हे मी धरलं नव्हतं. लोक ट्रेकिंगचे बूट घालून आले. एकाने दोर आणला होता. काकांच्या पिशवीत भगवा झेंडा.

काकांनी विचारलं, किल्ला इथून किती लांब? मी म्हटलं, किल्ला नाही. मग बुरूज तरी? तेवढ्यात त्यांना समुद्रात घातलेला दगडी बांध दिसला. किनारा वाहून जाऊ नये म्हणून सरकारने टाकलेले दगड. हा काय, म्हणाले, तटच आहे की! मी थांबवायच्या आत सगळे वर. झेंडा लागला. त्यांच्या पत्नी विद्युलता काकूंनी नारळ फोडला. घोषणा झाल्या. होड्यांपाशी मच्छीमार हातातलं काम टाकून उभे.

मी खालून सांगितलं, हा तट नाही, सरकारी काम आहे, वय साधारण माझ्या नोकरीएवढं. काका म्हणाले, बरं. मग थोड्या वेळाने, जरा हळू आवाजात, महाराज इथे आले होते का? मी म्हटलं, या किनाऱ्याबद्दल पुरावा नाही.

ऊर्मी नाश्त्यासाठी आली होती. ती म्हणाली, काका, महाराज जिंजीपर्यंत आले होते ना? मग इथली हवा लागलीच असणार त्यांना. सगळ्यांचे चेहरे खुलले. जिंजी समुद्रापासून किती आत आहे ते मी सांगितलं. काकू म्हणाल्या, अगं, तुला विचारलंय का कुणी?

कड्यापाशी मी पूर्ण माहिती दिली. शेवटपर्यंत दोघे थांबले. त्यातला एक बुटाची नाडी बांधत होता.

दडपे पोहे चांगले होते.

२३ डिसेंबर, सोमवार
निर्णय: (१) सूचनेत ‘किल्ला नाही’ हे ठळक. (२) एक विनोद. (३) ऊर्मीला बरोबर न्यायचं नाही.

५ जानेवारी, रविवार
मंडळातले चौघे. ‘किल्ला नाही’ वाचल्यावर बाकीच्यांना कामं निघाली.

ऊर्मीला न्यावं लागलं, कारण वस्तीतल्या लोकांनी आम्ही कोण म्हणून विचारलं तर माझं तमिळ ऑटोवाल्यापुरतंच आहे. विनोद केला: वाळू हा दगडाचा शेवट नाही, मध्यंतर आहे. शांतता. दगड झिजून वाळू होते आणि वाळूचा पुन्हा दगड होतो, म्हणून मध्यंतर, असं समजावलं. तरी शांतता. ऊर्मी हसली, पण विनोदाला नाही.

विषय नवा आहे. लोकांना वेळ द्यायला हवा.

१० जानेवारी, शुक्रवार
नारायणस्वामी सरांना सांगितलं, महिनाअखेरीनंतर माझा नोटीस पीरियड धरा. मेलही टाकला. त्यांनी कारण विचारलं. मी म्हटलं, क्लिफ वॉक्स. कुठे? एन्नोरला. ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, पोंगल होऊ दे अम्मा, सुट्टीत नीट झोप.

अद्वयचं अजून नक्की झालेलं नाही असं ऊर्मी म्हणते. तिला मी कड्याचे फोटो दाखवले. बसून, खालून काढलेले. अद्वयला तेच पाठवलेत. त्याने लिहिलं, वा!

१९ जानेवारी, रविवार
आज कडा बघून यावा असं ऊर्मीचं मत. गेले नाही. कडा कुठे जाणार आहे?

वादळी दिवस संपले की समुद्र वाळू परत आणून टाकतो आणि असे कडे बुजतात, हे खरं आहे. माझ्या थीसिसमध्ये त्यावर एक अख्खं प्रकरण आहे. पण ते पाँडिचेरीबद्दल होतं.

शिवाय रिपोर्ट साचले आहेत.

२ फेब्रुवारी, रविवार
अद्वय आला. जाड झालाय. मंडळातलेही बरेच आले, कारण काकांनी परस्पर ‘रत्नागिरीचे किल्लेतज्ज्ञ येणार’ असं कळवलं होतं.

कडा नव्हता.

किनारा सपाट. पायापासून पाण्यापर्यंत एकसारखा उतार, त्यावर दोन कुत्रे. मी जागा तपासली. जागा बरोबर होती.

मी शांतपणे सांगितलं की कडा नसणं हा कड्याच्याच प्रक्रियेचा पुढचा टप्पा आहे, आणि एका अर्थी आपण जास्त भाग्यवान आहोत. तो कुठे होता, किती उंच होता, हे हात आडवा धरून दाखवलं. उमाकांत काकांनी माझ्या हाताखाली बघितलं. म्हणाले, पोरी, इतकाच होता? अद्वय खाली बघत होता. तो हसू दाबत होता असं मला वाटत नाही. वाळू बघत असावा.

मग मी ऋतूप्रमाणे वाळू कशी सरकते ते सुरू केलं. ऊन वाढलं. लोक आपोआप बांधाकडे गेले. मी वळून बघितलं तर ऊर्मी वर उभी राहून बोलत होती.

ती सांगत होती की काका, हा किल्ला नाही, पण ह्या दगडाचं वय ऐकाल तर किल्ला विसराल. अडीचशे कोटी वर्षं! चेन्नईच्या मुलखातला हा दगड इंग्रजांना इतका आवडला की कलकत्त्याला एका साहेबाच्या कबरीवर नेऊन ठेवला. साहेब गेला, दगडाला साहेबाचं नाव मिळालं. तुम्ही आत्ता बसलात ते त्या कबरीच्या भावकीवर. बसलेले सगळे ओरडत उठले, मग हसत पुन्हा बसले. एका आजींनी दगडाला नमस्कार केला. जाळंवाली बाई मुलीच्या लग्नाचे लाडू घेऊन आली, ऊर्मीसाठी. ऊर्मीने तिलाच वर बसवलं आणि समुद्राने त्यांच्या घरांची जुनी रांग कशी गिळली ते तिच्याकडून ऐकवलं. वाक्यावाक्याला मराठी करून सांगत होती. मंडळ इतकं गप्प कधी पाहिलं नव्हतं. अद्वय रेकॉर्ड करत होता.

दगडाची ती माहिती मीच तिला दिली होती. आमटीला फोडणी देताना, तळटीप म्हणून.

एकंदरीत कार्यक्रम चांगला झाला.

३ फेब्रुवारी, सोमवार
ऑफिसला गेले. सरांनी माझा मेल पुढे पाठवलाच नव्हता. विसरलो म्हणाले. असा हलगर्जीपणा मला अजिबात चालत नाही. पुन्हा पाठवला नाही. त्यांना दुसऱ्यांदा विसरायला लावण्यात अर्थ नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार
अद्वयचा फोन. तुझा अभ्यास जबरदस्त आहे, असं दोनदा म्हणाला, तेव्हाच कळलं. काम ऊर्मीला. तिने आधी नाही म्हटलं, मग माझी परवानगी मागायला सांगितलं. मी म्हटलं, परवानगीचा प्रश्नच नाही, मुळात मला फार रस नव्हता. तो म्हणाला, हुश्श. मग, तुझ्या नोट्स देशील का तिला? पण जरा सोप्या करून.

ऊर्मी रात्री माझ्या दाराशी उभी राहून म्हणाली, स्वरू, रागावलीस? मी म्हटलं, नाही. तिने विचारलं, मग दार का लावतेयस? डास येतात, म्हटलं.

निर्णय: नोट्स द्यायच्या नाहीत.

८ फेब्रुवारी, शनिवार
नोट्स दिल्या. तिने चुकीचं सांगितलं तर नाव विषयाचं खराब होतं. सोप्या करायला सगळी सकाळ गेली.

२ मार्च, रविवार
ऊर्मीचा पहिला अधिकृत वॉक. गर्दी खूप, मंडळाबाहेरचीही. तिने आग्रह केला की मी यावं आणि सगळ्यांच्या मागे चालावं, म्हणजे कुणी मागे राहणार नाही. जबाबदारीचं काम आहे. शिट्टी दिली आहे.

पुढे हशा होत होता. मागे शब्द पोचत नाहीत, वारा उलटा असतो.

एक काकू सावकाश चालत होत्या. नागपूरहून सुनेकडे आलेल्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, तूही पहिल्यांदाच आलीस का गं?

मी म्हटलं, हो.

त्यांनी माझा हात धरला. म्हणाल्या, मग चल लवकर पुढे. ती मुलगी फार छान सांगते म्हणे.