फुलचंदचा पाठ केलेला जबाब

प्रिय पवन,

फोनवर तू फार गोड बोलतोस, आणि अडचणीचा विषय निघाला की नेमकी तुझी रेंज जाते. म्हणून आज कागद घेतला.

घरचं ठीक आहे. तुझ्या आईनं वांग्याचा दुसरा तोडा काढला. मनकर्णाबाई सकाळी कुंपणावरून आपल्या फुलकोबीला नावं ठेवते आणि संध्याकाळी तीच मागायला येते. तुझी तलाठ्याची निवड झाली हे मात्र तिनं गावभर केलं. "पोरगा साहेब झाला, आता त जानराव आपल्याशी बोलत बी नाही," म्हणते. आता फक्त तुझी चारित्र्य पडताळणी राहिली, बरोबर?

मेडशी फाट्यावर आपल्या पिकअपनं विमलबाईला उडवलं, त्याला दोन महिने झाले. गुन्हा आपल्या ड्रायव्हरवर, फुलचंदवर आहे. मी वकीलबाईंकडे, साधनाताईंकडे, जाऊन नीट समजून घेतलं. मला वाटत होतं, दंड भरला की सुटला. तसं नाही. रस्त्यावर निष्काळजीपणे गाडी चालवली हे एक कलम, आणि पायाचं हाड मोडलं म्हणून दुसरं मोठं कलम. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. लायसनही जाऊ शकतं. ताई म्हणाल्या, "चूक कबूल केली तर कोर्ट नरमाईनं घेऊ शकते, भाऊ, पण शिक्षा झाली की नावावर राहते. अन् एकानं दुसऱ्याचा गुन्हा अंगावर घेतला, तर दोघंही फसतात." हे शेवटचं मी विचारलं नव्हतं. माझ्या तोंडाकडे पाहून त्या बोलल्या असाव्यात.

आता फुलचंदचं ऐक. अकरा वर्षं तो आपली भाजी अकोल्याला नेतो. परवा चहा पिताना मी सहज विचारलं, कसं झालं रे ते? तो म्हणाला, "मालक, भाजी सुकून जाईन म्हणून म्या गाडी दामटली, बाई एकदम आडवी आली, अन् माहा ब्रेक उशिरा लागला." चार दिवसांनी पुन्हा विचारलं. तेच शब्द, त्याच क्रमानं. एरवी हा माणूस पंक्चरची गोष्ट तीनदा सांगतो आणि तिन्ही वेळा वेगळं चाक सांगतो. आणि भाजी कोणती, पवन? अपघात झाला अकरा वाजता. अकोल्याचा सकाळचा हर्रास, भाजीचा लिलाव, आटोपून गाडी परत येत होती. मागे रिकामी कॅरेटं. रिकाम्या कॅरेटांत काय सुकतं? पोलिसांना हे कळलं नाही, त्यांचा काय दोष! पण भाजीवाल्याच्या ड्रायव्हरच्या तोंडी असलं वाक्य येत नाही. ते भाजी खाणाऱ्याचं आहे.

मग मी विमलबाईकडे गेलो. पायात सळई टाकली आहे, काठी धरून अंगणापर्यंत चालते. शिव्या खायच्या तयारीनं गेलो होतो, तिनं चहा पाजला. म्हणाली, "दादा, मले दिसलं नाही काही, डोळ्यांपुढं अंधार होता. पन कोनीतरी रडून राह्यलं होतं. काका, तुमी इकडून स्टेरिंगवर बसा ना, काका, असं म्हनून राह्यलं होतं." मी विचारलं, हे पोलिसांना सांगितलंस का? म्हणाली, "मले कोनं इचारलं?"

फुलचंदला गावात सगळे फुलचंदच म्हणतात. काका म्हणणारा एकच. आणि तो तर त्या दिवशी पहाटेच्या एसटीनं नागपूरला गेला होता, असं म्हणतो. लायसन नसलेला माणूस एसटीनंच जाणार, नाही का?

तुला वाटत असेल, बाबाला एवढा वास कसा आला. आजवर तुझ्या आईलाही सांगितलं नाही ते सांगतो. तुझ्याएवढा असताना मी कारंज्याला एका शेठच्या ट्रकवर होतो. त्याच्या मुलानं धनजजवळ एका म्हाताऱ्याला ठोकलं आणि मी पोलिसांत जाऊन सांगितलं, गाडी मी चालवत होतो. तेव्हा मीही असाच पाठ केला होता. आत जाऊन आलो. शेठनं जुना टेम्पो दिला, त्यावर हे सगळं उभं राहिलं, आणि लोक म्हणतात जानरावनं शून्यातून केलं. तो म्हातारा पुढं नऊ वर्षं जगला. बाजारात दिसलो की लंगडत माझ्याजवळ यायचा आणि चार लोकांत माझ्या आईचा उद्धार करायचा. मी मान खाली घालून ऐकायचो. शेठचा पोरगा पलीकडे पान खात उभा असायचा. मला त्या म्हाताऱ्याचा राग कधी आला नाही. त्या पोराचा अजून येतो.

सोमवारी आपल्या तालुक्याला, मालेगावच्या कोर्टात फुलचंदची तारीख आहे. तो गुन्हा कबूल करणार आहे, तुझ्यावरच्या मायेनं. रविवारी घरी ये. साधनाताईंना मी थांबायला सांगितलं आहे, आपण सोबत पोलिसांत जाऊ, तू खरं सांग. नोकरी जाईल कदाचित, मला माहीत आहे, आणि तुझ्या आईचं रडणं मी झेलीन. पण तू आला नाहीस, तर सोमवारी फुलचंदनं तोंड उघडायच्या आधी मी उभा राहून तुझं नाव घेईन.

तरीही तुझाच,
बाबा